ऑनलाइन सीपीआर सर्टिफिकेट नोकरीला चालतं का? टँकवरच्या मुलांसाठी दोन्ही कोर्स करून दिलेला अभिप्राय

पुण्यातल्या एका क्लबच्या पोहण्याच्या टँकवर लाइफगार्ड नेमणं आणि त्यांच्या पाळ्या लावणं हे माझं काम. उन्हाळी बॅचेसच्या फॉर्मसाठी रांग लागायच्या आत मला टँकवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे कागद बघावे लागतात. या सीझनला आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या फायलीत सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब आणि श्वास देण्याचं, ऑनलाइन सर्टिफिकेट होतं. कोपऱ्यात सोनेरी शिक्का, खाली क्यूआर कोड, ‘दोन वर्षे वैध’, ‘नोकरीसाठी मान्य’. आमच्या कमिटीतल्या खजिनदार काकांनी सरळ विचारलं, “घरबसल्या सात-आठशे रुपयांत होतंय, तर माणशी अडीच हजार भरून वर्गात कशाला बसवायचं?”

प्रश्न रास्त होता. क्लबचा पैसा सभासदांचा असतो. म्हणून या मुलांनी केलेला तोच ऑनलाइन कोर्स मी स्वतः केला, आणि त्यानंतर मुलांना घेऊन शहरातल्या एका रुग्णालयाच्या प्रशिक्षण केंद्रात वर्गातलाही केला. हा अभिप्राय दोन्हींचा आहे. उत्तर आधीच सांगते. ज्या नोकरीत वेळ आली तर माणसाचा जीव वाचवणं हेच तुमचं काम आहे, तिथे नुसतं ऑनलाइन सर्टिफिकेट मी धरत नाही, आणि कुणी धरू नये असं माझं ठाम मत आहे.

आधी ऑनलाइन कोर्सबद्दल, आणि त्यातलं चांगलं आधी. व्हिडिओ छोटे आहेत, आवाज स्पष्ट आहे, हवं तिथे थांबवून पुन्हा बघता येतं. हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत शरीरात काय होतं, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला कशी सुरुवात होते, हे त्यांनी नीट समजावलंय. सगळ्यात उपयोगी वाटला तो आचके देणाऱ्या माणसाचा व्हिडिओ. हृदय थांबल्यावरही काही जण मधूनच घोरल्यासारखा, हपापल्यासारखा श्वास ओढतात. बघणाऱ्याला वाटतं, चालू आहे की श्वास. तो श्वास नव्हे, तिथे लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. तो भाग मी आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला. एवढ्यापुरते पैसे वसूल.

पण कोर्स मराठीत नाही. इंग्रजी किंवा हिंदी. आमच्याकडे येणारी मुलं वेल्हे, मुळशी, भोर इकडची. पाण्यात ती माशासारखी आहेत, पण ‘ॲडिक्वेट चेस्ट रिकॉइल’ वाचून त्यांना काय करायचं ते कळत नाही. म्हणजे दाब दिल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हात छातीवर रेलून ठेवायचे नाहीत. हे मराठीत सांगायला एक वाक्य पुरतं आणि करून दाखवायला दहा सेकंद.

दुसरं म्हणजे परीक्षा. व्हिडिओ न बघता थेट प्रश्नांवर जाता येतं. उत्तर चुकलं की बरोबर उत्तर दाखवतात आणि पुन्हा तेच प्रश्न देतात, कितीही वेळा. परीक्षा फुकट, पास झाल्यावर सर्टिफिकेटसाठी पैसे. नाव आपणच टाइप करायचं, ओळखपत्र कुणी मागत नाही. म्हणजे त्या कागदावर ज्याचं नाव आहे त्यानेच प्रश्न सोडवले, एवढंसुद्धा तो कागद सांगू शकत नाही. आणि संपूर्ण कोर्सभर तुमचे हात काय करताहेत हे कुणी म्हणजे कुणीच बघत नाही.

याचा अर्थ काय होतो ते आमच्याच टँकच्या काठावर दिसलं. आम्ही सरावासाठी एक डमी, म्हणजे माणसाच्या आकाराचा पुतळा, आणून ठेवलाय, आतमध्ये पुरेसा दाब पडला की ‘टक्’ आवाज होतो तो प्रकार. पानशेतच्या पाण्यात पोहत मोठा झालेला एक मुलगा, उत्तम दम, उत्तम नजर, ऑनलाइन परीक्षेत शंभरापैकी शंभर. मी म्हटलं, “कर बाळा, मी घड्याळ लावते.” जागा बरोबर धरली, छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग. पण कोपर वाकलेले. ताकद खांद्यातून न येता मनगटातून येत होती. डमीतून आवाज येईना. मग तो घाबरला आणि वेग वाढवला, इतका की छाती वर यायला सवडच मिळेना. श्वास द्यायची वेळ आली तेव्हा मान मागे केली पण नाक दाबायचं राहिलं, आणि सगळी हवा डमीच्या नाकातून बाहेर. डमीची छाती जागची हलली नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, मला सगळं पाठ आहे. तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच ते सहा सेंटिमीटर.” खरंच पाठ होतं. एकही आकडा चुकला नाही.

त्या मुलात काही कमी नाही. त्याला जे विकलं गेलं त्यात कमी आहे. पाच सेंटिमीटर म्हणजे किती खोल हे हाताला एकदा कळावं लागतं, आणि तेही कुणीतरी शेजारी उभं राहून “अजून, अजून, हं, आता बरोबर” म्हणत असताना. प्रौढ माणसाची छाती इतकी खाली दाबायची म्हणजे चांगला जोर लागतो, बरगडी मोडेल की काय अशी धास्ती वाटते. कधी कधी मोडतेही. तरी थांबायचं नसतं. ही भीती स्क्रीनसमोर बसून जात नाही.

आता टँकवरच्या नोकरीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती या ऑनलाइन कोर्सवाल्यांनी जवळजवळ सोडूनच दिली आहे. त्यांचा भर आहे ‘फक्त हातांनी’ करायच्या सीपीआरवर. रस्त्यात, ऑफिसात एखादा प्रौढ माणूस अचानक कोसळला तर ते योग्यच आहे. भारतातही भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनने सामान्य नागरिकांसाठी नुसत्या छातीदाबाची पद्धत बसवली आहे, आणि ती शाळा-कॉलेजांत, पोलिसांना शिकवली जाते ते चांगलंच आहे. अचानक कोसळलेल्या माणसाच्या रक्तात थोडा वेळ पुरेल इतका प्राणवायू असतो, दाब देऊन तो मेंदूपर्यंत फिरवत राहायचं.

बुडालेल्या माणसाचं उलटं असतं. त्याचा आधी श्वास कोंडतो, रक्तातला प्राणवायू संपत जातो आणि मग हृदय थांबतं. त्याला नुसते दाब देऊन उपयोग काय, फिरवायला प्राणवायूच उरलेला नसतो. म्हणून बुडालेल्याला श्वास द्यावाच लागतो, तोही सुरुवातीला. युरोपातल्या पद्धतीत आधी पाच श्वास देतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये बुडण्याच्या घटनांसाठी वेगळ्या सूचना काढल्या, त्यातही श्वासासहित सीपीआर करा असंच सांगितलंय आणि प्रशिक्षित माणसाने सुरुवात दोन श्वासांनी करायला हरकत नाही असं म्हटलंय. ऑनलाइन कोर्समध्ये बुडण्यावर एक स्लाइड होती. एक. आणि तो कोर्स ‘लाइफगार्डसाठी उपयुक्त’ म्हणून विकला जातो, याचा मला खरोखर राग आहे.

श्वास देणं हा सीपीआरमधला सगळ्यात अवघड भाग आहे. मान मागे किती न्यायची, हनुवटी कशी उचलायची, मास्क चेहऱ्यावर कसा दाबून धरायचा की कडेने हवा निसटणार नाही, एका सेकंदात किती फुंकायचं, छाती नुसती वर येताना दिसली की थांबायचं. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि माणूस उलटी करतो. बुडालेला माणूस तसाही बऱ्याचदा उलटी करतो, तेव्हा त्याला कुशीवर वळवून तोंड साफ करून पुन्हा सुरू करायचं. यातली एकही गोष्ट उत्तराच्या चार पर्यायांत बसत नाही.

आपल्याकडे बुडालेल्याला बाहेर काढल्यावर लोक काय करतात ते नदीकाठच्या कुणालाही विचारा. पालथं घालून पाठ-पोट दाबतात, उलटं धरून पाणी काढायला बघतात. मिठात पुरून ठेवल्यावर माणूस उठतो असले व्हिडिओ व्हॉट्सॲपवर अजून फिरताहेत. त्यात मोलाची मिनिटं जातात. टँकवर गर्दी जमली की दहा जण दहा सल्ले देतात, आणि त्या दहा जणांच्या आवाजावर आपला आवाज चढवून “मागे सरा, तू 108 ला फोन लाव, तू गेट उघडून उभा राहा” म्हणण्याची धमक त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलात पाहिजे. ती आधी कुणासमोर तरी करून बघितल्याशिवाय येत नाही.

आता वर्गातला कोर्स. आम्ही घेतला तो सर्वसामान्य नोकरदारांसाठीचा प्रथमोपचार, सीपीआर आणि एईडीचा (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), अमेरिकन हार्ट असोसिएशनचा. डॉक्टर-नर्सेससाठी त्यांचाच बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) हा वेगळा कोर्स असतो. कार्ड दोन वर्षं चालतं.

प्रशिक्षक सर मराठीच होते आणि सगळं मराठीत शिकवलं. लेखी परीक्षेचा कागद मात्र इंग्रजीत. सरांनी प्रश्न वाचून अर्थ सांगितला म्हणून मुलं निभावली. अशा कोर्सचा कागद मराठीतही असायला हवा. लाइफगार्ड, जिमचे ट्रेनर, पाळणाघरातल्या मावशी, स्कूल बसच्या ताई, ज्यांच्यासाठी हा कोर्स आहे त्यांची भाषा ती आहे.

डमी पुरेसे होते, दोघांत एक. प्रत्येकाच्या खांद्यावर छोटे दिवे, वेग आणि दाब बरोबर पडला की हिरवे. आमच्या वाट्याच्या एका डमीचा दिवा मधूनच बंद पडायचा, ते त्यांनी दुरुस्त करून ठेवायला हवं होतं. पण सर प्रत्येकाच्या शेजारी येऊन बसले. कोपर सरळ, खांदे थेट हातांच्या वर, मोठ्याने मोजायचं. दोन मिनिटं सलग दाब दिल्यावर आमच्या सगळ्यात दणकट मुलाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी त्याचे दाब उथळ होत चाललेत हे दिवा सांगत होता. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा ते मग कुणाला समजवावं लागलं नाही. बदलताना दहा सेकंदांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही, त्याचीही तालीम झाली. याच तालमीनंतर मी टँकवरच्या पाळ्या बदलल्या. आता बॅच चालू असताना एकटा लाइफगार्ड कधीच नसतो.

लहान मुलाचा आणि तान्ह्या बाळाचा डमी वेगळा होता. बाळाच्या छातीवर साधारण चार सेंटिमीटर दाब, दोन्ही हातांनी छाती वेढून अंगठ्यांनी. आमच्या एका कोचताईंना घरी सहा महिन्यांचं बाळ आहे, त्या हे करताना रडल्या. सरांनी त्यांना वेळ दिला, घाई केली नाही, आणि मग पुन्हा करून घेतलं. अशा जागी माणूस शिकवायला समोर असणं म्हणजे काय ते कळतं.

एक विषय मी मुद्दाम काढला. आमच्याकडे सकाळची लेडीज बॅच असते. तिथे महिला कोच असतात, पण शेजारच्या टँकवरचा मुलगा धावत आला तर तो बाईच्या छातीवर हात ठेवायला कचरेल का? मुलं गप्प झाली. मग एकाने खाली बघत सांगितलं, “मॅडम, भीती वाटते. लोक काय म्हणतील.” सरांनी हा विषय टाळला नाही. हात कुठे ठेवायचा ते बाई-पुरुष दोघांना सारखंच, छातीचं मधलं हाड. एईडीचे पॅड लावायला कॉस्च्युमचा पट्टा बाजूला करावा लागतो, गरज पडली तर कापावा लागतो, एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरा डाव्या काखेखाली. छाती आधी टॉवेलने कोरडी करायची, माणसाला साचलेल्या पाण्यातून बाजूला घ्यायचं. मदतीला असलेल्या बायकांनी टॉवेलचा आडोसा धरायचा. हे त्यांनी करून घेतलं, मुलांकडून, सगळ्यांसमोर. संकोच गेला की नाही ते प्रसंगाशिवाय कळणार नाही, पण बोलणं तरी सुरू झालं. ऑनलाइन कोर्समध्ये ज्या डमीवर दाखवलं तो पुरुषाचा, कोरडा, मऊ गालिच्यावर ठेवलेला होता.

वर्गातल्या कोर्सचं एक उणं मला खटकलं. तो खोलीत होतो. ओल्या फरशीवर, क्लोरिनच्या वासात, निसटत्या गुडघ्यांनी, स्वतःला दम लागलेला असताना करायची सवय तिथे होत नाही. पाण्यातून माणूस बाहेर काढणारा लाइफगार्ड आधीच थकलेला असतो. त्यासाठी वेगळं जीवरक्षक प्रशिक्षण लागतं. राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आपल्या पुण्यातलीच आहे, आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून दृष्टी मरीन या कंपनीचे जीवरक्षक जे करताहेत त्यामागे वाळूतला आणि लाटांतला सराव आहे. सीपीआरचं कार्ड म्हणजे लाइफगार्डचं प्रशिक्षण नव्हे. हे मी अर्जदारांनाही सांगते आणि त्यांना नेमणाऱ्या सोसायट्यांनाही.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी डमीची गोष्ट सांगितली, ती मुलांच्या फार लक्षात राहिली. बंद छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरवता येतं, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलं. तोंडाने श्वास देण्याची पद्धत त्याच शहरात पीटर साफर या डॉक्टरने सिद्ध केली होती. पण शिकवायचं कसं? जिवंत माणसाच्या छातीवर सराव करता येत नाही. तेव्हा नॉर्वेतल्या स्टावांगर गावचा खेळणी बनवणारा ओस्मुंड लार्डाल पुढे आला आणि 1960 मध्येच त्याने सरावाची बाहुली बनवली. त्याच्या स्वतःच्या लहान मुलाला त्याने बुडता बुडता वाचवलं होतं. बाहुलीला चेहरा दिला तो पॅरिसमध्ये प्रसिद्ध असलेल्या एका मुखवट्यावरून. सीन नदीत बुडून मेलेल्या एका अनोळखी मुलीचा तो चेहरा, असं सांगतात. म्हणजे ही विद्या सर्वसामान्यांपर्यंत पोचवायला निघालेल्या लोकांनी पहिल्याच वर्षी डमी बनवला. हाताखाली काहीतरी हवं हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आता कागदाकडे येते, कारण बहुतेकांना तेच विचारायचं असतं. कागद चालतो की नाही हे कागद देणारा ठरवत नाही, कागद मागणारा ठरवतो. तुमची कंपनी, हॉस्पिटल, शाळा, क्लब, किंवा परवाना देणारं सरकारी खातं. तेव्हा पैसे भरायच्या आधी त्यांनाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या, निदान मेसेजवर तरी.

‘अमक्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांवर आधारित’ हे शब्द दिसले की थांबा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचना जाहीर असतात, कुणीही वाचून त्यावर व्हिडिओ करू शकतं. त्याने ते सर्टिफिकेट असोसिएशनचं होत नाही. स्वतः असोसिएशन कौशल्य चाचणी घेतल्याशिवाय कार्ड देत नाही. त्यांचाही अर्धा ऑनलाइन प्रकार आहे, वाचन आणि परीक्षा घरी, पण त्यानंतर डमीवर करून दाखवावंच लागतं. वेळ कमी असणाऱ्यांना तो प्रकार मी आनंदाने सुचवेन. त्यांच्या ई-कार्डवर प्रशिक्षण केंद्राचा उल्लेख असतो आणि कोड असतो, तो त्यांच्याच साइटवर टाकून कार्ड खरं आहे का ते बघता येतं. मी प्रत्येकाचा टाकून बघते. मुलांनी आणलेल्या ऑनलाइन सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड त्याच विकणाऱ्याच्या पानावर जात होता आणि तिथे तेच चित्र पुन्हा दिसत होतं. त्यात कसली पडताळणी?

त्या सर्टिफिकेटवर ‘ओशा मान्य’ असंही छापलं होतं. ओशा ही अमेरिकेची कामगार-सुरक्षा यंत्रणा. पहिली गोष्ट, प्रथमोपचाराच्या खासगी कोर्सना ती अशी मान्यता देतच नाही. दुसरी, तिने स्वतःच्या खुलाशात लिहिलंय की नुसतं ऑनलाइन प्रशिक्षण पुरेसं नाही, हाताने सराव व्हायला हवा. आणि तिसरी, पुण्यातल्या टँकचा त्या यंत्रणेशी संबंध काय?

माझे धाकटे दीर चाकणला एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहेत. त्यांना विचारलं तर त्यांनी 1948 च्या कारखाने अधिनियमातलं कलम 45 काढून दाखवलं. (त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर 2025 मध्ये नवी कामगार संहिता आली.) दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, आणि ती ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे राज्य सरकारने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं, शिवाय तो कामाच्या वेळेत हजर हवा, अशी त्यात अट होती. कारखान्यांत म्हणूनच सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्थेचं प्रमाणपत्र वर्षानुवर्षं चालत आलंय, बँडेज बांधण्यापासून स्ट्रेचर उचलण्यापर्यंत सगळं हाताने करून घेऊन दिलेलं. दीर म्हणाले, “वहिनी, इन्स्पेक्टर आला तर मी त्याच्यापुढे तो मोबाइलवरचा कागद ठेवणार नाही.”

न्यू जर्सीला असलेल्या माझ्या पुतणीला पाळणाघरात काम धरायचं होतं, तिलाही हाच प्रश्न पडला होता. तिथे अमेरिकन रेड क्रॉस स्वतःच कोर्स तीन प्रकारांत देतं, पूर्ण ऑनलाइन, पूर्ण वर्गात आणि दोन्ही मिळून. पूर्ण ऑनलाइन प्रकार कामाच्या ठिकाणच्या अटी पूर्ण करेलच असं नाही, कारण त्यात कौशल्य दाखवलेलं नसतं, हे ते उघड सांगतात. मला हा प्रामाणिकपणा आवडला. विकणाऱ्याने असं बोलावं. तिने दोन्ही मिळूनचा घेतला.

मग ऑनलाइन कोर्स कुणी करावा? घरात म्हातारे आईवडील असणाऱ्यांनी जरूर करावा. पूर्वी शिकलेल्याने उजळणीसाठी करावा. वर्गाला जायच्या आदल्या रात्री करावा, वर्गात वेळ वाचतो. फुकटातले चांगले व्हिडिओही आहेत, सर्टिफिकेटसाठी पैसे मोजायची गरज नाही. काहीच न करणाऱ्यापेक्षा व्हिडिओ बघून दाब देणारा शेजारी मला हजारपट हवा. पण पगार घेऊन टँकच्या काठावर उभं राहणाऱ्याकडून पालकांची अपेक्षा वेगळी असते, आणि ती बरोबर आहे.

ऑनलाइन कोर्सला माहितीसाठी पाचपैकी तीन तारे, नोकरीच्या कागदासाठी शून्य. वर्गातल्या कोर्सला साडेचार, अर्धा तारा इंग्रजी पेपरसाठी कापला.

खजिनदार काकांना मी पानशेतच्या मुलाचा डमीवरचा पहिला आणि वर्गानंतरचा, असे दोन्ही व्हिडिओ दाखवले. दुसऱ्यात डमीचा आवाज एकसारखा येत होता. कमिटीने ठराव केला की नेमणुकीआधी करून दाखवण्याची चाचणी झालेलंच कार्ड हवं आणि त्याची फी क्लब भरेल, मुलांच्या पगारातून कापायची नाही. दोन वर्षांचं कार्ड असलं तरी सराव नसेल तर काही महिन्यांतच हात विसरतो, म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारी, टँक सफाईला बंद असतो तेव्हा, ओल्या फरशीवर सगळ्यांचा सराव असतो. एईडी अजून आमच्याकडे नाही. दोन कंपन्यांची कोटेशन आली आहेत, पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत तो विषय पहिला ठेवला आहे.